सेवेचे माप

जुन्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत वसलेले असून, १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यापासून मुंबईशी त्यांचा संबंध इतका निकटचा झाला आहे की महानगराला जे हवे असते ते, आणि जे आपल्या दाराशी नको असते तेही, या टापूत येऊन स्थिरावते. भाताची खाचरे होती तेथे शेतघरे उठली, टेकड्यांच्या उतारांवर विश्रामस्थाने झाली, आणि त्यांच्याच शेजारी, बहुधा हमरस्त्यापासून थोड्या आडबाजूला, वृद्धाश्रम, निराधारांची निवासे आणि मनोरुग्णांची पुनर्वसनकेंद्रे उभी राहिली. हवा स्वच्छ, जमीन कालपरवापर्यंत स्वस्त, आणि अंतर असे की रविवारी वडिलांना भेटून मुलाने संध्याकाळपर्यंत घरी परतावे, पण रोज येणे होत नाही याचे मनाला फारसे लागूही नये. या संस्थांत राहणाऱ्या माणसांचे जीवनमान कसे असावे, त्यांच्या शुश्रूषेचा दर्जा काय असावा, आणि मुख्य म्हणजे तो दर्जा ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे समाजकल्याण खात्याच्या दप्तरातला मानला जातो. माझ्या मते तो मुळात धर्माचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास लागणारी सामग्री आपल्या परंपरेने फार पूर्वीच सिद्ध करून ठेविली आहे.

हा प्रश्न जेथे सर्वांत तीव्र होतो तेथूनच आरंभ करणे बरे. कर्जतजवळ श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ साली मुंबईत या कार्यास आरंभ केला. त्याच्या मुळाशी असलेली घटना आता अनेकांस ठाऊक आहे: रस्त्याकडेचा एक अस्ताव्यस्त तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना या दोघांनी पाहिला, त्याला आपल्याकडे आणून औषधोपचार केले, आणि तो भानावर आला तेव्हा तो शिकलासवरलेला पदवीधर असल्याचे उघड झाले. दोन खोल्यांत सुरू झालेले हे काम १९९७ साली मोठ्या जागेत गेले, २००६ साली कर्जतला सुमारे १२० रुग्णांच्या निवासाची व्यवस्था झाली, आणि २०१८ साली डॉ. वाटवानी यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर सात हजारांहून अधिक माणसे आपापल्या घरी परत पोचविली गेली होती. कामाची रीत सांगायला सोपी आहे. रस्त्यावरून आणलेल्या माणसाला आंघोळ घालावी, त्याच्या जखमा धुवाव्यात, जेवू घालावे, औषध सुरू करावे, आणि काही आठवड्यांनी त्याला आपले नाव, गाव, आईबापांची नावे आठवू लागली की सोबत कार्यकर्ता देऊन, गाव देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात असो, त्याला त्याच्या उंबरठ्याशी नेऊन सोडावे.

या कार्याची प्रशंसा पुष्कळ झाली आहे आणि ती यथार्थ आहे. येथे मला त्याच्या एका तात्त्विक अंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला त्या अवस्थेत नाव नसते, जात नसते, धर्म नसतो, पुष्कळदा त्याची भाषाही आसपासच्या कोणास कळत नाही. ज्याने त्याला उचलून आणिले त्याचे आभार मानणे तर दूरच, उलट तो त्याला शिव्या देतो, अंगावर धावून जातो, दिलेले ताट भिरकावतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत परतफेड करू न शकणाऱ्यास केवळ कर्तव्यबुद्धीने देणे हे एक मुख्य लक्षण आहे. आणि या लक्षणाची पूर्तता जितकी येथे होते तितकी क्वचितच अन्यत्र होत असेल. ब्राह्मणास दिलेली गाय आशीर्वाद मिळवून देते, धर्मशाळेच्या भिंतीवर देणगीदाराचे नाव कोरले जाते, आप्ताची सेवा केली तर निदान आप्तवर्गात चांगले बोलले जाते. ज्याला स्वतःचेच नाव आठवत नाही, तो दुसऱ्याचे नाव काय घेणार?

परंतु सात्त्विक दानाच्या याच कसोटीत एक संकट दडलेले आहे आणि त्याचा विचार आपल्या दानमीमांसेने पुरेसा केलेला नाही. जो उपकार फेडू शकत नाही तो तक्रारही करू शकत नाही. ज्या असाहाय्यतेमुळे दाता निष्काम ठरतो, त्याच असाहाय्यतेमुळे घेणारा पूर्णपणे त्याच्या स्वाधीन होतो. भात कच्चा आहे, चादर ओली आहे, औषधाने हात थरथरतात, रात्री कुलूप घातल्यामुळे शौचास जाता आले नाही, हे सांगण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नसते; आणि सांगितलेच तर ते वेड्याचे बोलणे म्हणून सोडून दिले जाते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेची अवस्था याहून फार वेगळी नाही. तिला सगळे आठवते, पण ज्यांच्या हातात आपले पाणी आहे त्यांच्याविरुद्ध बोलू नये हे शहाणपण वयाने तिला शिकविलेले असते, आणि मुलाने रविवारी विचारले की ती, सगळे ठीक आहे, एवढेच सांगते.

दर्जा म्हणून जे काही म्हणावयाचे ते या न बोललेल्या गोष्टींतच असते. ज्याला कूस पालटता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी दुसऱ्या कोणाला तरी पालटावी लागते, नाहीतर थोड्याच दिवसांत कमरेला व टाचांना शय्याव्रण होतात, ज्यांना या संस्थांतील माणसे बेडसोअर म्हणतात. आणि ती कूस रात्री दोन वाजताही पालटावी लागते, जेव्हा कोणी देणगीदार भेटीस आलेला नसतो. कर्जत भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्यावर पाऊस पडतो, दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, वीज जाते, धुतलेली चादर वाळत नाही. अशा वेळी पुरेशा जादा चादरी आहेत की नाहीत यावर माणसाच्या कातडीचे भवितव्य अवलंबून असते. उन्हाळ्यात याच भागातील विहिरी खाली जातात, आणि टँकरचे पाणी आंघोळीला पुरवावयाचे की फरशी धुवायला, याचा निर्णय कोणी तरी करतो. संध्याकाळचे जेवण किती वाजता द्यायचे हेही असेच. कर्मचाऱ्यांची पाळी सहाला संपते म्हणून साडेपाचलाच ताटे वाढली, तर दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत मधुमेही वृद्धाला चौदा तास उपाशी राहावे लागते, आणि त्यासाठी कोणाच्याही मनात दुष्टपणा असावा लागत नाही.

आपल्याकडील औदार्याची रीत याच्याशी कशी जुळत नाही, हे पितृपक्षात स्पष्ट दिसते. त्या पंधरवड्यात, विशेषतः सर्वपित्री अमावास्येला, अन्नदान करू इच्छिणाऱ्यांची वृद्धाश्रमांकडे रीघ लागते. एकाच दिवशी दोन-दोन कुटुंबे पुरी, खीर, वडे घेऊन येतात. मुलांच्या वाढदिवशी केक येतो, मिठाई येते, रांगेत बसवून छायाचित्रे काढली जातात. या माणसांच्या भावनेविषयी मला शंका नाही. त्यांतील कित्येकांचे डोळे भरून आलेले असतात. पण आषाढातल्या एखाद्या मंगळवारी डाळीत डाळ किती आणि पाणी किती, हा प्रश्न त्या भावनेच्या कक्षेत येतच नाही, कारण ती भावना आपल्या पितरांच्या तिथीशी बांधलेली आहे, समोर बसलेल्या माणसाच्या भुकेशी नाही. तिथी वर्षातून एकदा येते आणि भूक दिवसातून दोनदा.

दानशास्त्राची सारी रचनाच दात्याच्या बाजूने झालेली आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, ज्याला मराठी माणूस हेमाडपंत म्हणून ओळखतो, त्याने तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणी या प्रचंड ग्रंथात दानखंड म्हणून एक स्वतंत्र भाग रचिला. कोणते दान कोणत्या काळी, कोणत्या स्थळी, किती सुवर्णाचे, कोणत्या विधीने करावे याचा इतका सूक्ष्म बंदोबस्त क्वचितच दुसरीकडे सापडेल. त्यात आरोग्यदानही आहे. जाणता वैद्य आणि पुरेशी औषधे असलेली आरोग्यशाळा उभारणे हे महापुण्य होय असे तेथे पुराणाच्या आधारे सांगितले आहे, आणि ही गोष्ट आपण अभिमानाने सांगण्यासारखी आहे. तथापि फलश्रुती जी आहे ती आरोग्यशाळा बांधणाऱ्याची आहे. त्या शाळेत निजलेल्या माणसाला रात्री तहान लागली आणि कोणी उठले नाही तर दोष कोणाकडे, याची नोंद करण्याकडे त्या रचनेचा कल नाही. अशा ग्रंथाला केवळ याच कारणासाठी हीन लेखणे अन्यायाचे होईल, कारण त्याचा विषयच दान हा आहे. चूक आपली आहे. निवासी शुश्रूषेला आपण दानाच्या प्रकरणात घातले, आणि तिचे खरे प्रकरण वेगळे आहे.

ते प्रकरण नित्यकर्माचे. मीमांसकांनी कर्माचे जे वर्गीकरण केले त्यात काम्य कर्म हे फळाच्या इच्छेने करावयाचे असून ते न केल्यास दोष नाही. नित्य कर्माचे मात्र उलट आहे. त्याच्या आचरणाने काही विशेष पुण्य पदरी पडते की केवळ चित्तशुद्धी होते याविषयी शास्त्रकारांत मतभेद आहेत, परंतु ते टाळल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो ही सर्वसाधारण धारणा आहे. संध्या केली म्हणून कोणी कोणाचा सत्कार करीत नाही. चुकली तर मात्र प्रायश्चित्त आहे. आता एखाद्या असाहाय्य माणसाला आपण एकदा आपल्या छपराखाली घेतले, त्याच्या घराची वाट बंद झाली, त्याचे जेवण, पाणी, अंथरूण, औषध सर्व आपल्या हाती आले, तर त्या क्षणापासून त्याला जेवू घालणे हे काम्य राहात नाही. आत घेणे हे दान असेल. आत घेतल्यानंतरचा प्रत्येक दिवस नित्यकर्माचा आहे. त्याबद्दल धन्यता मिळविण्याचा अधिकार संपतो आणि चुकीबद्दल जाब देण्याचे दायित्व सुरू होते. हा भेद एकदा मनात पक्का झाला की संस्थेच्या दारावर देणगीदारांची नावे किती आहेत हे गौण ठरते, आणि आजच्या दिवसात काय राहून गेले ही नोंदवही प्रधान ठरते.

हा विचार कर्जतच्या भूमीला नवा नाही. तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याला, उल्हासच्या वरच्या खोऱ्यात कोंढाणे येथे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास कोरलेली बौद्ध लेणी आहेत. चैत्य आहे, आणि भिक्षूंच्या निवासासाठी विहार आहे. तेथील एका लहानशा ब्राह्मी लेखात हे काम करणारा स्वतःची ओळख कण्हाचा अंतेवासी बलक अशी देतो. शिष्याने गुरूचे नाव घेऊन आपले नाव सांगावे ही रीत आपल्या परिचयाची आहे. पण ज्या संघाच्या नियमांखाली असे विहार चालत त्यांत गुरू आणि अंतेवासी यांचे नाते केवळ अध्ययनाचे नव्हते, ते आजारपणाचेही होते. विनयपिटकाच्या महावग्गात त्याची कथा आहे. एक भिक्षू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. बुद्ध आनंदासह निवासांची पाहणी करीत करीत त्याच्याजवळ आले आणि तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही काय, असे त्यांनी विचारिले. आपण भिक्षूंच्या काही उपयोगाचे नाही, म्हणून कोणी करीत नाही, असे त्याने सांगितले. बुद्धांनी पाणी ओतिले, आनंदाने त्याला धुतले, मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले.

येथवर ही कथा करुणेची आहे आणि अशा कथा सर्व धर्मांत आहेत. आपल्या एकनाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे मूल कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचविल्याची कथा याच जातीची. विनयाचे वैशिष्ट्य पुढे आहे. बुद्धांनी संघ जमवून चौकशी केली आणि नियम घालून दिला. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य किंवा अंतेवासी असेल तर त्याने, तो बरा होईतो त्याची शुश्रूषा करावी. यांपैकी कोणी नसेल तर ती संघाने करावी. आणि संघाने न केल्यास तो दुष्कृताचा अपराध समजावा. ज्याचे कोणी नाही त्याच्याविषयीची जबाबदारी येथे कोणाच्या दयेवर सोपविली नाही. क्रम लावून ती शेवटी संपूर्ण समुदायावर आणून बसविली, आणि तिच्या उपेक्षेला दोषाचे नाव दिले. एवढ्यावरच न थांबता शुश्रूषकाच्या अंगी कोणते पाच गुण असावेत हेही सांगितले. त्याला औषध तयार करता यावे; पथ्य काय आणि अपथ्य काय हे कळून अपथ्य दूर ठेवता व पथ्य पुढे करता यावे; त्याने मैत्रीच्या भावनेने सेवा करावी, लाभासाठी नव्हे; मलमूत्र, थुंकी, ओकारी काढण्याची त्याला किळस नसावी; आणि वेळोवेळी चार बोल बोलून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवण्याची हातोटी त्याच्यापाशी असावी. ही यादी मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तिच्यातील अनुक्रमाने थबकतो. प्रेमाचे स्थान तिसरे आहे. पहिली दोन स्थाने कौशल्याला आणि ज्ञानाला दिली आहेत.

तपासणीने, नियमाने, मोजमापाने सेवेतील जिव्हाळा नाहीसा होतो, असा एक आक्षेप या क्षेत्रातील तळमळीच्या माणसांकडूनही ऐकू येतो आणि त्यात काही सत्यांश आहे. ज्या संस्थेत नोंदवही नीट भरलेली असते पण कोणी कोणाशी बोलत नाही, तेथील जिणे कोरडे असते. तरीही, मधुमेह्याच्या तोंडात पेढा कोंबणारे प्रेम आणि पाठीवरचे व्रण न पाहता भजन म्हणून दाखविणारी भक्ती यांच्याकडून जे नुकसान होते ते जिव्हाळ्याच्या अभावी होत नाही. विनयाने मैत्री गाळली नाही, पण मैत्रीचा दाखला देऊन अज्ञानाला सूट मिळू दिली नाही. आजारी कसा अवघड असतो हेही तेथे सांगितले आहे: तो पथ्य पाळीत नाही, औषध घेत नाही, दुखणे नीट सांगत नाही, वेदना सहन करीत नाही. शुश्रूषेचा विचार करणाऱ्याने रुग्णाला देवाच्या जागी बसवून त्याच्या त्राग्याकडे डोळेझाक केली नाही, याचे मला विशेष मोल वाटते; कारण आजाऱ्याला देव मानणाऱ्याचा भ्रमनिरास तिसऱ्या रात्री होतो.

आजच्या कायद्याने या मार्गावर जे पाऊल टाकिले आहे त्याचे धार्मिक मूल्य आपण ओळखावे असे मला वाटते. २००१ सालच्या ६ ऑगस्टला तामिळनाडूत एरवाडी येथे, जेथील दर्ग्यात रोगमुक्तीच्या आशेने आणलेल्या मनोरुग्णांसाठी खासगी निवासे चालत, त्यांतील एकास पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधून ठेविलेली २८ माणसे जळून गेली. त्यांना तेथे सोडणारे आप्त श्रद्धावान होते आणि जागा पवित्र मानली जात होती. साखळीची तपासणी मात्र कोणाच्याच श्रद्धेचा भाग नव्हती. पुढे २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा अधिनियम संमत होऊन २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या विसाव्या कलमात काय आहे ते पाहण्यासारखे आहे: स्वच्छ व सुरक्षित निवास, सकस अन्न, एकांत, पुरेशी वस्त्रे, धर्माचरणाची मोकळीक, स्त्रियांना मासिक पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू, सक्तीच्या कामाला मनाई आणि केलेल्या कामाचा मोबदला, इच्छा असल्यास स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क, आणि सक्तीने डोके भादरण्यास मनाई. रस्त्यावर वर्षे काढलेल्या माणसाच्या जटांत किडे पडलेले असतात आणि त्या कापल्यावाचून जखम धुता येत नाही, हे कोणीही जाणता माणूस मान्य करील. कायद्याचा रोख त्यावर नाही. उवांचा त्रास नको, निगा राखायला माणसे कमी, म्हणून सर्वांची, बायकांचीही, डोकी सरसकट भादरण्याची जी सोयीची वहिवाट अनेक ठिकाणी होती, तिच्यावर तो आहे. ज्या समाजात स्त्रीच्या केशवपनाचा अर्थ काय होता हे सांगावे लागत नाही, त्या समाजाला या एका तरतुदीचे वजन कळावे.

वृद्धांसाठी २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयीचा अधिनियम आहे. मुलांकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी, वृद्धास टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, आणि राज्यांनी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निर्धन वृद्धांची सोय होईल असे एक तरी निवास उभारावे, असे त्यात आहे. हे शेवटचे कलम आज्ञार्थी नसून मुभा देणारे आहे. आणि मुभेचे रूपांतर इमारतीत होण्यास आपल्या राज्यव्यवस्थेत किती काळ लागतो ते सर्वज्ञात आहे.

येथे एका अवघड गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कर्जत-खालापूरच्या निवासांत प्रत्यक्ष हात लावून जे काम होते ते करणाऱ्या बहुतेक स्त्रिया आसपासच्या गावांतल्या आणि वाड्यांतल्या असतात. संस्थेत त्यांना मावशी म्हणतात. मुंबईतल्या आजींना त्या न्हाऊ घालतात, त्यांचे डायपर बदलतात, त्यांच्या रागाचे बोल ऐकून घेतात, आणि पाळी संपली की टमटमने किंवा पायी आपल्या वाडीवर परततात, जेथे त्यांची स्वतःची सासू दिवसभर एकटी होती. याच तालुक्यांतील कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर कामास जातात आणि चालू न शकणारी म्हातारी माणसे मागे राहतात. मग जीवनमानाचे माप कोणाचे धरावयाचे, असा प्रश्न मला काहींनी केला आहे. वाडीतल्या म्हातारीला जे मिळत नाही ते निवासातल्या म्हाताऱ्याला मिळते आहे, आणखी काय हवे? हा युक्तिवाद मला मान्य नाही. एकाची वंचना हे दुसऱ्याच्या हक्काचे माप होऊ शकत नाही. पण त्यातून एक कर्तव्य मात्र निघते. विनयातील त्याच प्रकरणात असे सांगितले आहे की आजारी भिक्षू निवर्तल्यावर त्याचे चीवर आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्यांस द्यावे. संन्याशापाशी मालमत्ता म्हणून एवढेच असते. म्हणजे जे काही होते ते सारे, वारसाच्या मानाने, सेवकाला दिले. मावशीचा पगार, तिची रजा, तिच्या पाठीच्या दुखण्यावरचा औषधखर्च, तिला मिळणारे प्रशिक्षण, या गोष्टी निवासाच्या खर्चाच्या हिशेबात शेवटच्या ओळीत असतात. ज्या संस्थेत त्या वरच्या ओळीत आहेत तेथे निजलेल्या माणसांच्या पाठी बऱ्या असतात, असे माझे निरीक्षण आहे.

आता राहिला धर्माचा त्याच्या रूढ अर्थाने प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. ज्याला आपण सांभाळतो त्याच्या उपासनेवर आपला काही हक्क पोचतो काय? महाराष्ट्राने हा वाद पूर्वी पाहिलेला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन काढिले, ते पुण्यास आल्यावर तेथील विधवा मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत असल्याच्या कारणावरून १८९३ साली मोठे वादळ उठले, आणि अनेक मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले. त्या वादात कोणाची बाजू किती खरी होती याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण त्या मुलींना काय हवे होते हे त्यांनाच विचारण्याचे फार थोड्यांना सुचले, एवढे निश्चित. आजच्या निवासांत हा प्रश्न इतक्या मोठ्या आवाजात येत नाही. तो सकाळच्या ध्वनिक्षेपकावरील आरतीच्या रूपाने येतो, सर्वांसाठी एकच असलेल्या उपवासाच्या जेवणाच्या रूपाने येतो, मुसलमान किंवा ख्रिस्ती वृद्धाने संकोचून गप्प बसण्याच्या रूपाने येतो. आणि मरणाच्या वेळी तो टाळता येत नाही.

ज्याचे नाव, गाव, धर्म कळला नाही अशा माणसाचा अंत्यसंस्कार कोणत्या रीतीने करावा? पोलिसांच्या कागदात त्याची नोंद बेवारस अशी होते, आणि दहन करावे की दफन हे बहुधा जवळ काय सोयीचे आहे यावरून ठरते. आपल्या तर्पणविधीत, ज्यांचे कोणी नाही, जे या जन्मी किंवा अन्य जन्मी आप्त होते अथवा नव्हतेही, त्यांच्यासाठीही पाणी सोडले जाते. म्हणून निराप्त मृताचे ऋण आपल्यावर आहे ही कल्पना आपल्याला परकी नाही. पण मेल्यानंतर सर्वांसाठी मिळून सोडलेले पाणी वेगळे, आणि जिवंतपणी एकेकाला वेगळे विचारणे वेगळे. श्रद्धासारख्या ठिकाणी औषधाने माणूस भानावर येतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न नाव-गावाचा केला जातो, कारण त्याला घरी पोचवावयाचे असते. ज्याला पोचविण्यास घर नाही, आणि वृद्धाश्रमात आलेल्या बहुतेकांचे तसेच असते, त्याच्या प्रवेशाच्या कागदावर नातेवाइकाचा पत्ता, रक्तदाब, साखर आणि अनामत रक्कम यांचे रकाने असतात. त्याच कागदावर आणखी काही रकाने असावेत आणि ते राहणाऱ्याने स्वतः, कोणी नातेवाईक समोर नसताना, भरावेत, वर्षातून एकदा बदलण्याची मोकळीक ठेवून: कोणत्या भाषेत बोललेले आवडते, काय खात नाही, कोणते कपडे घालावयाचे आहेत, प्रार्थना करावयाची आहे काय आणि कोणती, आजार बळावल्यास रुग्णालयात न्यावे की येथेच ठेवावे, आपल्यामागे कोणाला कळवावे, कोणाला कळवू नये, आणि देहाचे काय करावे. संस्थेची तपासणी करावयास येणाऱ्या अधिकाऱ्याने जमाखर्चाच्या वह्यांच्या आधी हा कागद मागावा, त्यावरील चार-दोन उत्तरे निवडावी, आणि त्या माणसापाशी जाऊन ती पाळली जातात की नाही हे पाहावे.